उसने शब्द आणि उसना युक्तिवाद

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आणि तेव्हापासून आपल्याकडे मराठीविषयीच्या सभांना व व्याख्यानांना ऊत आला आहे. या सभांतून एक युक्तिवाद इतक्या वेळा कानी पडतो की, तो आता युक्तिवाद न राहता सुभाषित होऊन बसला आहे. तो असा: 'इंग्रजी भाषा जगातील सर्व भाषांकडून शब्द घेत गेली, कोणाच्याही शब्दाचा तिने विटाळ मानला नाही, म्हणूनच ती एवढी समर्थ झाली, तेव्हा मराठीत इंग्रजी शब्द शिरत असतील तर त्यात शोक करण्यासारखे काय आहे? उलट ते भाषेच्या जिवंतपणाचेच लक्षण होय.' बोलणारा सुशिक्षित असतो, ऐकणारेही सुशिक्षित असतात. टाळ्या पडतात आणि मंडळी समाधानाने घरी जातात. घरी गेल्यावर नातवंडांशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलण्याचा मार्ग या सुभाषिताने निर्वेध करून दिलेला असतो.

या युक्तिवादाचा उत्तरार्ध तपासावा असे काहींना वाटते. माझे म्हणणे असे की, आधी पूर्वार्धच तपासावा. इंग्रजीने शब्द घेतले हे खरे. परंतु कोणते घेतले, केव्हा घेतले आणि घेतल्यावर त्यांचे काय केले, याची चौकशी केल्यावाचून तिचा दाखला देणे म्हणजे सावकाराची वही न उघडताच त्याच्या श्रीमंतीचे कारण सांगण्यासारखे आहे. सबंध वही तपासणे एका लेखाचे काम नव्हे. म्हणून तिच्यातील एकच खाते येथे उघडतो: जर्मन भाषेकडून इंग्रजीने घेतलेल्या शब्दांचे. हे खाते आटोपशीर आहे, त्यातील नोंदी स्पष्ट आहेत, आणि घेणारा व देणारा यांच्यामध्ये विसाव्या शतकात दोन महायुद्धे झालेली असल्यामुळे प्रेम आणि द्वेष यांचा शब्दांवर कितपत अंमल चालतो हेही त्यात पाहावयास मिळते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. इंग्रजी 'फादर' व जर्मन 'फाटर', इंग्रजी 'वॉटर' व जर्मन 'व्हासर' अशा जोड्या पाहून पुष्कळजण ही उसनवारी समजतात. ती उसनवारी नव्हे. पाचव्या शतकात उत्तर समुद्राच्या पलीकडून ज्या टोळ्या ब्रिटनमध्ये उतरल्या त्यांची भाषा आणि जर्मनांची भाषा एकाच कुळातील. मराठी 'हात' आणि हिंदी 'हाथ' हे जसे 'हस्त' या एकाच पूर्वजाचे वंशज, तसेच हे. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटण्या झाल्या म्हणून एक भाऊ दुसऱ्याचा ऋणको ठरत नाही. इंग्रजीचा रोजचा प्रपंच, म्हणजे खाणे, पिणे, झोपणे, आई, बाप, एक, दोन, तीन, हा या वडिलोपार्जित शब्दांवरच चालतो. हे ध्यानात ठेवावे; पुढे त्याचा उपयोग आहे.

खऱ्या उसनवारीची पहिली मोठी नोंद खाणीतली आहे. एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत इंग्लंडला तांबे हवे होते, पण ते काढण्याची विद्या जर्मन मुलखातील खाणवाल्यांपाशी होती. तेव्हा १५६८ साली सनद मिळालेल्या 'माइन्स रॉयल' या कंपनीसाठी ऑग्जबर्गच्या डॅनिएल हॉखस्टेटरच्या देखरेखीखाली जर्मन कामगार कंबरलंडमधील केझिक गावी आणण्यात आले. पुढे दोन शतके खनिजविद्येत जर्मनांचा शब्द प्रमाण होता, आणि त्या विद्येबरोबर क्वार्ट्झ, झिंक, कोबाल्ट, निकेल, फेल्डस्पार ही नावे इंग्रजीत आली. त्यांतील कोबाल्ट हे मूळचे भूत आहे. एक खनिज दिसावयास मौल्यवान, पण भट्टीत घातले की त्यातून चांदी तर निघत नसेच, उलट विषारी धूर मात्र निघे; खाणवाल्यांनी ही 'कोबोल्ड' नामक पिशाचाची करणी ठरवली. निकेलचेही तेच: तांब्यासारखे दिसून तांबे न देणाऱ्या दगडाला त्यांनी 'कुप्फरनिकेल', म्हणजे तांब्याचे रूप घेणारा खट्याळ भूतबाबा, असे नाव दिले होते. १७५१ साली क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने त्यातून नवा धातू वेगळा केला आणि नावाचा उत्तरार्ध तेवढा ठेवला. आपल्या कोकणातील चकव्याचे नाव एखाद्या धातूला मिळावे तसाच हा प्रकार.

दुसरी नोंद टाकसाळीची. सोळाव्या शतकाच्या आरंभी बोहेमियातील योआखिमस्टाल या खोऱ्यात चांदी सापडली. तिच्या नाण्याला 'योआखिमस्टालर', आणि लवकरच नुसते 'टालर' म्हणू लागले. 'टाल' म्हणजे खोरे. तेच नाव नेदरलंड्समार्गे इंग्रजीत 'डॉलर' होऊन आले. तिसरी नोंद रणांगणावरची. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धात अनेक इंग्रज व स्कॉटिश शिपाई भाडोत्री म्हणून लढले आणि परत येताना 'प्लंडर' हा शब्द घेऊन आले. गंमत अशी की, त्याच अर्थाचा 'लूट' हा दुसरा शब्द इंग्रजांनी पुढे हिंदुस्थानातून नेला. एकाच धंद्यासाठी या सज्जन राष्ट्राला दोन देशांकडून शब्द आणावे लागले, यावरून धंद्याचा विस्तार कळून येतो!

चौथी नोंद शाळेची. फ्रीड्रिख फ्रोबेल याने १८४० साली आपल्या बालशाळेला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. प्रशियाच्या सरकारने १८५१ साली या शाळांवर बंदी घातली; तेव्हा त्याच्या अनुयायांबरोबर ती कल्पना इंग्लंड-अमेरिकेत गेली आणि शब्दही जसाच्या तसा गेला. एकोणिसावे शतक जर्मन विद्यापीठांचे. रसायन, भाषाशास्त्र, तत्त्वज्ञान, संगीत यांत जे नवे घडत होते त्याचा मोठा भाग जर्मनमधून घडत होता. म्हणून 'सेमिनार' आला, 'उमलाउट' आला, 'लाइटमोटिफ' आला, आणि शतकाच्या अखेरीस रूडोल्फ डीझेलच्या इंजिनाबरोबर ते नाव आले जे आज मिरकरवाड्याच्या बंदरात प्रत्येक खलाशाच्या तोंडी आहे.

परंतु या खात्यातील सर्वांत बोधप्रद नोंदी निराळ्याच आहेत. इंग्रजीने पुष्कळदा जर्मन शब्द घेतलाच नाही. त्याचा अर्थ घेतला आणि शब्द आपल्या घरात घडवला. नीत्शेचा 'उबरमेन्श' इंग्रजीत 'सुपरमॅन' झाला आणि बर्नार्ड शॉच्या १९०३ सालच्या नाटकाने तो रूढ केला. मराठीत आपण त्याला 'अतिमानव' म्हटले. फार कशाला, उसन्या शब्दाला इंग्रजीत जे 'लोनवर्ड' म्हणतात ते नावच जर्मन 'लेनव्होर्ट' या शब्दाचे पदशः भाषांतर आहे. म्हणजे उसनवारीचे गोडवे गाणाऱ्यांच्या हातातले जे मुख्य नाणे, ते इंग्रजांनी उसने घेतलेले नसून स्वतःच्या टाकसाळीत पाडलेले आहे. १८९५ साली व्ह्यूर्त्सबर्ग येथे राँटगेनला अज्ञात किरण सापडले. बीजगणितात अज्ञात राशीला जे अक्षर योजतात तेच योजून त्याने त्यांना 'एक्स' किरण म्हटले. इंग्रजांनी त्यातील 'किरण' या जर्मन पदाच्या जागी आपले पद घातले. मराठीने तर याहून पुढे जाऊन आपल्या बीजगणितातील 'क्ष' घेतला आणि 'क्ष-किरण' हा शब्द केला. अर्थ, ध्वनी आणि कल्पना या तिन्ही दृष्टींनी इतका बिनचूक शब्द इंग्रजीलाही साधलेला नाही. तो कोणा पंडिताच्या अट्टाहासाने टिकला नाही. शाळेत 'क्ष' शिकवला जात होता म्हणून टिकला.

या एका खात्यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, इंग्रजीने जर्मन शब्द घेतला तो बहुधा नवी वस्तू, नवी विद्या किंवा नवी कल्पना आली तेव्हा. घरात असलेला चांगला शब्द बाहेर काढून त्याच्या जागी तिने जर्मन शब्द आणून बसवला नाही. दुसरी ही की, आलेल्या शब्दाला तिने आपल्या व्याकरणाच्या चाकरीला लावले: हाम्बुर्ग शहरावरून आलेल्या 'हॅम्बर्गर'ची मनमानी फोड करून त्यातून नुसता 'बर्गर' काढला आणि पुढे त्याची पन्नास पोरे केली; 'स्विंडलर' हा नावाचा शब्द घेऊन त्यातून 'स्विंडल' हे क्रियापद पाडले. तिसरी ही की, जेथे घडवणे सोयीचे तेथे तिने उसने न घेता घडवले. याला उदारपणाचे नाव द्या की व्यवहारचातुर्याचे, पण 'जे येईल ते येऊ द्या' या वृत्तीचे नाव मात्र देऊ नका.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळू. कारण रत्नागिरीत राहून या विषयावर लिहावे आणि त्यांचा उल्लेख करू नये हे शक्य नाही. १९२४ पासून १९३७ पर्यंत सावरकर येथे स्थानबद्ध होते, आणि मराठी भाषेच्या शुद्धीकरणाची त्यांची चळवळ याच गावी उभी राहिली. फारसी-मराठी कोश १९२५ साली सिद्ध करणारे माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव ज्यूलियन, हेही पुढे त्या पक्षाला मिळाले आणि १९३८ साली त्यांनी 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. त्याआधी अडीचशे वर्षे, शिवछत्रपतींच्या आज्ञेने 'राज्यव्यवहारकोश' झालाच होता. या प्रयत्नांची टिंगल करणे आज फार सोपे झाले आहे. पण टिंगल करणाऱ्यांनी आपल्या पत्राच्या माथ्यावर 'दिनांक' लिहू नये, शहराच्या प्रथम नागरिकाला 'महापौर' म्हणू नये. हे शब्द सावरकरांच्या नावावर सांगितले जातात आणि ते आज इतके अंगवळणी पडले आहेत की ते कोणी घडवले याचीही आठवण उरलेली नाही. घडवलेला शब्द यशस्वी झाल्याची याहून मोठी खूण ती कोणती?

तथापि त्या चळवळीचे मूळ तत्त्व, म्हणजे परका शब्द हा परका म्हणूनच त्याज्य, हे मला मान्य नाही. आणि याबाबतीतही जर्मनीचाच इतिहास साक्षीला काढता येतो. सतराव्या शतकात फिलिप फॉन झेझेनने फ्रेंच व लॅटिन शब्दांना जर्मन पर्याय घडवले. पत्रावरील पत्त्यासाठी 'आनश्रिफ्ट' आणि पत्रव्यवहारासाठी 'ब्रीफव्हेक्सेल' हे त्याच्या नावावरचे शब्द आज प्रत्येक जर्मन बोलतो. पण खिडकीच्या 'फेन्स्टर' या लॅटिनोद्भव नावाऐवजी त्याने सुचवलेला 'दिवसाचा दीप' अशा अर्थाचा शब्द हास्यास्पद ठरून विझला. कारण उघड आहे: खिडकीच्या शब्दाला जर्मनीत येऊन शतके लोटली होती, त्याची नातवंडे-पतवंडे त्या घरात जन्मली होती. अशांना हाकलणे म्हणजे शुद्धी नव्हे, बेघर करणे होय. १९४० साली तर हिटलरच्या सरकारनेच रूढ परक्या शब्दांच्या सक्तीच्या जर्मनीकरणाला मनाई केली. वंशशुद्धीचे वेड ज्या राजवटीने पराकोटीला नेले तिलाही भाषाशुद्धी पेलवली नाही!

इंग्रजांची हकीकतही हेच सांगते. १९१४ च्या युद्धात जर्मनद्वेष इतका वाढला की १९१७ साली राजघराण्याने आपले जर्मन नाव टाकून 'विंडसर' हे नाव घेतले आणि बॅटनबर्ग होते ते माउंटबॅटन झाले. अमेरिकेत जर्मन पद्धतीच्या आंबवलेल्या कोबीला 'स्वातंत्र्य-कोबी' म्हणण्याची टूम निघाली. युद्ध संपले आणि कोबी पुन्हा मूळ नावावर आला. १९४० साली लंडनवर बाँब पडू लागले तेव्हा त्या संहाराला लंडनकरांनी नाव दिले तेही 'ब्लिट्झ', म्हणजे शत्रूच्याच भाषेतील विजेवरून! तात्पर्य, द्वेषाने शब्द जात नाहीत आणि प्रेमाने येत नाहीत.

आम्हा रत्नागिरीकरांना तर हे दुसऱ्या कोणी शिकवण्याची गरज नाही. ज्या फळामुळे या जिल्ह्याचे नाव जगभर झाले त्या हापुसाचे नाव पोर्तुगीज आफोन्सोवरून आले. त्याची जी 'कलमे' बांधतात तो शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. आणि ज्या रोपावर ते कलम बांधतात तो रायवळ मात्र इथला, इथल्या कातळातून पाणी शोधणारा. आपला बटाटा, पाव, चावी, काजू, पगार हे सगळे पोर्तुगिजांबरोबर आले. 'पगार' या पोर्तुगीज शब्दाला 'दार' हा फारसी प्रत्यय लावून मराठीने 'पगारदार' केला आणि या त्रिवेणी संगमात महाराष्ट्रातील मध्यमवर्ग पिढ्यान् पिढ्या स्नान करीत आला आहे. असा शब्द परका म्हणण्याची कोणाची छाती होईल? उलट, नवी वस्तू येऊनही शब्द आपलाच टिकल्याचे उदाहरणही आपल्या डोक्यावरच आहे. बासेल मिशनच्या जर्मनभाषी पाद्र्यांनी १८६५ साली मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला आणि जुन्या अर्धगोल नळ्यांच्या जागी त्यांची सपाट कौले कोकणभर चढली. पण आपण त्यांना 'मंगळुरी कौल' म्हटले. विद्या परक्यांची, माती आपली, शब्दही आपला.

मग वाद कशाचा? वाद असा की, आज मराठीत जे चालले आहे ते कलम बांधणे नव्हे. रायवळाचे खोडच उपटून त्या जागी तोडलेली फांदी खोचणे आहे.

उदाहरणे पाहा. इंग्रजांना 'झिंक' हा शब्द घ्यावा लागला, कारण तो धातू वेगळा ओळखण्याची विद्या त्यांच्यापाशी नव्हती. आपल्याकडे राजस्थानातील जावर येथे युरोपच्या कितीतरी आधी हा धातू ऊर्ध्वपातनाने काढीत असत, आणि मराठीत 'जस्त' हा शब्द घराघरांतल्या बादलीला चिकटलेला होता. आज माझ्या महाविद्यालयात विज्ञान शिकणाऱ्या मुलांपैकी अनेकांना जस्त म्हणजे कोणता धातू हे सांगता येत नाही. 'झिंक' म्हटले की ओळख पटते. इंग्रजाने शब्द नव्हता म्हणून घेतला. आपण वस्तू असून, शब्द असून, दोन्ही विसरून तिसऱ्याकडून तोच घेतला. याला उसनवारी म्हणत नाहीत. घरात तांदूळ कुजत ठेवून शेजारणीकडे भात मागण्याचा हा प्रकार आहे.

'सदुसष्ट' आणि 'एकोणऐंशी' ही संख्यावाचके आता मुलांना समजावून सांगावी लागतात. एक-दोन-तीन हे तर भाषेच्या पायातले दगड. आणि वर सांगितलेच आहे की, इतके शब्द घेणाऱ्या इंग्रजीने आपले आकडे जर्मनांकडूनच काय, ज्या फ्रेंचांनी तिच्यावर राज्य केले त्यांच्याकडूनही घेतले नाहीत.

येथे जाणते वाचक मला थांबवतील. ते म्हणतील, 'फ्रेंचांचे नाव काढलेत ते बरे झाले. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर इंग्रजीने फ्रेंचमधून हजारो शब्द घेतले. त्यांत नवी वस्तू नसतानाही घेतले. अंकल, आंट, कझिन हे नात्याचे शब्दही फ्रेंचच. त्याने इंग्रजी मेली का?' आक्षेप वजनदार आहे आणि त्याला बगल देण्याचा माझा हेतू नाही. इंग्रजी मेली नाही हे खरे. पण ती का मेली नाही हे पाहावे. जिंकल्या गेलेल्या देशाची ती भाषा सुमारे तीन शतके दरबारातून, न्यायालयातून आणि शाळेतून हद्दपार होती. ते शब्द तिने उदारपणे घेतले नाहीत. ते तिच्यावर येऊन आदळले. तिचा भाग्योदय झाला तो या माऱ्यामुळे नव्हे. १३६२ साली न्यायालयातील वाद इंग्रजीत चालावेत असा कायदा झाला, आणि त्याच शतकात ग्रामर शाळांतून मुलांना फ्रेंचऐवजी इंग्रजीतून शिकवू लागले, अशी नोंद जॉन ऑफ ट्रेव्हिसाने करून ठेवली आहे. न्यायालय आणि शाळा परत मिळाल्यावर, घेतलेले सगळे पचवण्याचे बळ तिला आले. अजीर्णाचा रोगी बरा झाला तो लंघनाने आणि व्यायामाने. पक्वान्नांमुळे बरा झाला असे सांगत सुटणे हा शुद्ध भ्रम आहे. आपल्याकडे मात्र घड्याळाचे काटे उलटे फिरत आहेत. मराठी शाळांचा पट घटतो आहे, आणि ज्या घरांतून या मासिकाचे वाचक येतात त्या घरांतील मुले त्या शाळांत नाहीत. इंग्रजीने शब्द पचवले ते शाळा मिळवून. आपण शब्द गिळतो आहोत ते शाळा गमावून.

नात्याच्या शब्दांचे म्हणाल तर त्याचे खरे दर्शन जर्मनमध्येच घडते. जुन्या जर्मनमध्ये वडिलांच्या भावाला 'फेटर', आईच्या भावाला 'ओहाइम', वडिलांच्या बहिणीला 'बाझे' आणि आईच्या बहिणीला 'मूमे' अशी चार स्वतंत्र नावे होती; म्हणजे आपले काका, मामा, आत्या आणि मावशी. पुढे उच्चभ्रू घरांना फ्रेंच बोलण्याची लहर आली, आणि सतराव्या-अठराव्या शतकांत 'ओंकेल' व 'टांटे' या दोन फ्रेंच शब्दांनी चौघांची जागा घेतली. आज मामा आणि काका यांतील भेद जर्मन माणसाला एका शब्दात सांगता येत नाही. हे कोणा जेत्याने लादले नव्हते, फॅशनने केले. बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आलेल्या इरावती कर्वे यांनी नात्यांच्या शब्दांवरून भारतीय समाजाची रचना कशी वाचता येते हे १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. मामाचा मान वेगळा, आत्याचा अधिकार वेगळा, मावशीचा जिव्हाळा वेगळा. शब्द वेगळे होते म्हणून ही नाती निरनिराळी मोजली जात. आता शेजारचा गृहस्थ 'अंकल', वडिलांचा मित्र 'अंकल', आणि काही घरांतून आईचा सख्खा भाऊही 'अंकल'. जर्मनांनी चाराचे दोन केले त्याला दीडशे वर्षे लागली; आपण ते काम एका पिढीत उरकू पाहतो आहोत आणि त्याला भाषेचा जिवंतपणा म्हणतो आहोत.

आता या सर्वांच्या मुळाशी असलेली गोष्ट. शब्द स्वतः प्रवास करीत नाहीत. ते उद्योगाच्या पाठीवर बसून येतात. जर्मन खाणवाला खणत होता म्हणून निकेल आला. फ्रोबेल शिकवत होता म्हणून किंडरगार्टन आला. पहिल्या महायुद्धापर्यंत रसायनशास्त्रात काही करू इच्छिणाऱ्या इंग्रज विद्यार्थ्याला जर्मन वाचता आल्यावाचून गत्यंतर नव्हते. १९३३ नंतर जर्मनीने आपले उत्तमोत्तम शास्त्रज्ञ देशोधडीला लावले, विद्येचे ठाणे अमेरिकेत गेले, आणि शब्दांचा ओघही फिरला. आज जर्मन मुलगा 'कॉम्प्युटर' म्हणतो. जर्मनचे व्याकरण दुबळे झाले म्हणून नव्हे. काम दुसरीकडे गेले म्हणून.

या कसोटीवर दोन्ही पक्ष सारखेच उणे ठरतात. एकजण वेशीवर उभा राहून म्हणतो, 'कोणाला आत घेऊ नका'; दुसरा म्हणतो, 'सगळ्यांना येऊ द्या'; आणि गावात शेत कोण कसतो आहे याची चौकशी दोघेही करीत नाहीत. शासनाच्या भाषा संचालनालयाने १९६० नंतर पदनामांचे व शासनव्यवहाराचे कोश केले. त्यांतील अनेक शब्द चांगले होते. पण पुष्कळसे कपाटात राहिले, कारण त्या शब्दांनी करावयाचे काम इंग्रजीतच चालू राहिले. याउलट बालशिक्षणाचे पाहा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांत बसून काम केले. 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग. आणि आपल्या कोकणात वाडी म्हणजे नारळी-पोफळीची बागच. 'बालवाडी' हा त्या जर्मन शब्दाचा अक्षरशः मराठी अवतार आहे. अशा कामातूनच 'अंगणवाडी' हा शब्द रुजला आणि १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेबरोबर तो भारतभर गेला. इंग्रजीला जो शब्द जसाच्या तसा घ्यावा लागला तो आपण घडवला, आणि आपल्याकडून तो इतर भाषांनी घेतला. फरक एवढाच की, येथे शब्दाच्या मागे काम उभे होते.

म्हणून माझी मागणी शब्दांविषयीची नाहीच. ज्यांना मराठीत इंग्रजी शब्द घ्यावयाचे असतील त्यांनी खुशाल घ्यावेत. पण घेण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. याने सांगावयाची वस्तू नवी आहे काय? आपल्याकडील शब्दाने जो भेद दाखवला जात होता तो याने पुसला जात नाही ना? आणि हा शब्द मराठीच्या विभक्ती-प्रत्ययांना मानून राहील काय? तिन्ही उत्तरे समाधानकारक मिळाली तर त्या शब्दाला पाटावर बसवावे. 'डिझेल'ला बसवले तसे. न मिळाली तर इंग्रजीचा दाखला देऊन आळसाला तत्त्वज्ञानाचे वस्त्र नेसवू नये.

आणि मागणी आहे ती आम्हा प्राध्यापकांकडे प्रथम. शेसव्वाशे वर्षांपूर्वी जर्मन विद्येच्या सहवासात वाढलेल्या पिढीने या प्रांतात संशोधनाचा पाया घातला. रामकृष्ण गोपाळ भांडारकर रत्नागिरीच्या शाळेत शिकले, पुढे तेथेच मुख्याध्यापक झाले, आणि गटिंगेन विद्यापीठाने १८८५ साली त्यांना डॉक्टरेट दिली. त्या पिढीचा बहुतेक शास्त्रीय व्यवहार इंग्रजीत झाला, त्याला तत्कालीन कारणे होती. आज ती कारणे उरलेली नाहीत. कातळावरच्या जांभ्याचे भूशास्त्र, खाडीतल्या माशांचे जीवशास्त्र, आंब्याच्या बाजाराचे अर्थशास्त्र यांवर मराठीत एक तरी पाठ्यग्रंथ लिहिण्याचा संकल्प कोकणातील प्रत्येक महाविद्यालयाने का करू नये? लिहू लागल्यावर शब्द लागतील. काही घडवावे लागतील, काही जुन्या मच्छीमाराला आणि बागायतदाराला विचारावे लागतील, काही इंग्रजीतून घ्यावे लागतील. ते सगळे टिकतील, कारण त्यांना करावयास काम असेल.

पालकांकडेही एक मागणी आहे, आणि तिला ग्रंथ लागत नाही. मुलाने आईच्या भावाला मामा म्हणावे आणि बाजारातील हिशेब सदुसष्ट रुपयांचा करावा, एवढे घरात पाळले तरी पुष्कळ झाले. इंग्रजीचा आदर्शच ठेवावयाचा असेल तर तो तिच्या उसनवारीचा न ठेवता, तिने तीन शतकांच्या गुलामीनंतर आपली शाळा परत मिळवली त्याचा ठेवावा.